हवंच, चालेल, नको

नणंद-भावजयीचं नातं म्हणजे विळ्या-भोपळ्याचं सख्य, असं ज्यांनी ठरवूनच टाकलंय त्यांनी या दोघींच्या स्वयंपाकघरात एकदा डोकवायला हवं होतं. भांडणं तिथेही होत, नाही असं नाही. पण ती एखादी गोष्ट रिकामी आहे की मुळात नाहीच आहे, असल्या प्रश्नांवरून होत, आणि भांडून झालं की दोघी एकाच वहीवर डोकं घालून बसत.

वहिनी शाळेत फुंकवाद्यं शिकवायची. संध्याकाळी ती गावातल्या हौशी वाद्यवृंदाची स्वरलिपी सांभाळायची. वाद्यवृंद म्हणजे तीसेक माणसं, नोकऱ्या आणि संसार सांभाळून जमेल तसा सराव करणारी. दिग्दर्शक होते एक निवृत्त दंतवैद्य. कोणाचा स्वर चुकला की ते अजूनही त्याच्या तोंडाकडे वाकून बघत. ट्यूबा वाजवायला वहिनीचा नवरा होता. तो बस आगारात इंजिनं दुरुस्त करायचा. सगळा वाद्यवृंद त्याला दादा म्हणायचा, कारण त्याची धाकटी बहीण त्याला दादा म्हणायची आणि तिचा आवाज रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू जायचा.

ही बहीण त्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहायची. वहिनी तिला ‘वन्सं’ म्हणायची. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात गंमत म्हणून म्हटलं आणि ते चिकटलं. वहिनीची मनःस्थिती त्यावरून कळायची. ‘वन्सं, चहा घेतेस?’ म्हणजे सगळं आलबेल. ‘वन्सं, आपण चहा घेणार आहात का?’ म्हणजे वादळ.

वन्सं स्कीमा लिहायची. प्रयोगशाळांचे अहवाल एका संगणकातून दुसऱ्या संगणकात जातात, ते ज्या एक्सएमएल नावाच्या पद्धतीने लिहिलेले असतात तिचे नियम ठरवणं हे तिचं काम. दादाला समजावताना ती म्हणाली होती, “हे बघ, एक्सएमएल म्हणजे खणांचं कपाट. प्रत्येक खणावर नाव, खणात आणखी खण. आणि स्कीमा म्हणजे कोणत्या खणात काय असलंच पाहिजे आणि काय असता कामा नये, याचा कायदा.”

“म्हणजे तू कपाटांची वकील,” दादा म्हणाला.

ऑफिसातली नवी पोरं एक्सएमएलला म्हातारं म्हणत. एवढे कंस कोण लिहितं आता, म्हणत. वन्संला राग यायचा नाही. तिला तो कायदा मनापासून आवडायचा, इतकंच. कोणाला गुलाब आवडतात, कोणाला इंजिनं.

एका रविवारी सकाळी वहिनी कपाळाला हात लावून बसली होती. वृंदातले तिघे सर्दीने आडवे झाले होते. आता त्यांचे सूर उरलेल्यांत वाटायचे, म्हणजे सगळे कागद नव्याने लिहायचे, आणि संगणकावरची स्वरलिपीची फाईल उघडायलाच तयार नव्हती. वन्संने ती साध्या मजकुरासारखी उघडली आणि टाळीच वाजवली.

“अगं वहिनी, हे तर माझ्या माहेरचं! एक्सएमएल आहे आत. हा बघ स्वराचा खण, त्यात उंचीचा खण, लांबीचा खण. इथे एक दार लावायचं राहिलंय.” तिने एक कंस घातला आणि फाईल उघडली.

“तू देवमाणूस आहेस,” वहिनी म्हणाली. “आता याला एवढंच सांग ना, की मुख्य चाल हवीच. ढोल असला तर चालेल. आणि दोन ट्रॉम्बोन एकाच स्वरावर नकोत. बाकीचं त्याचं त्याने करावं.”

वन्सं पाणी पीत होती. पेला ओठांशीच थांबला.

“परत म्हण.”

“काय? चाल हवीच, ढोल चालेल, दोन ट्रॉम्बोन नकोत.”

“वहिनी, हा स्कीमा आहे. अख्खा स्कीमा. मी पंधरा ओळींत जे लिहिते ते तू तीन शब्दांत म्हणालीस.”

मग ती स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालायला लागली. स्कीमा आजवर दारावरच्या रखवालदारासारखा उभा होता. हे आत येईल, ते येणार नाही, एवढंच सांगायचा. पण ज्याला सगळे नियम पाठ आहेत त्याला नुसतं दारावर का उभं करायचं? कामालाच का लावू नये? एक स्कीमा लिहायचा, माझ्याकडे काय आहे त्याचा. दुसरा लिहायचा, मला काय पाहिजे त्याचा. मधला रस्ता संगणकाने शोधायचा, आणि जिथे अडेल तिथेच माणसाला विचारायचं. ही नुसती युक्ती नव्हती. ही प्रोग्रॅमिंगची एक नवी भाषाच होत होती.

“आणि तिचे शब्द हेच,” वन्सं म्हणाली. “हवंच, चालेल, नको.”

“तू आधी पेला खाली ठेव,” वहिनी म्हणाली. “सांडतंय.”

भाषेचं नाव ‘खण’ ठेवलं. त्यानंतरचे महिने वन्सं ऑफिसातून आली की थेट जेवणाच्या टेबलाशी बसायची आणि वहिनी समोर वह्या तपासायची. दर थोड्या वेळाने वन्सं काहीतरी दाखवायची आणि वहिनी त्यातली खोट काढायची. पहिलं भांडण चूक दाखवणाऱ्या संदेशावरून झालं. प्रोग्रॅम अडला की पडद्यावर यायचं, ‘अवैध. ओळ ४१.’

“हे काय? पोलीस चौकी आहे का ही?” वहिनी म्हणाली.

“मग काय लिहू? कृपया क्षमस्व?”

“मुलाचा स्वर चुकला की मी ‘अवैध’ म्हणते का? मी म्हणते, इथे तू वरचा सा घेतलास, खालचा हवा होता. काय झालं ते सांग, काय हवं होतं ते सांग, आणि पुढे काय करायचं ते विचार. सोपं आहे.”

ते मुळीच सोपं नव्हतं. त्यापायी वन्संला निम्मी भाषा उसवून पुन्हा शिवावी लागली. पण झाल्यावर ती स्वतःच मुद्दाम चुका करून संदेश वाचत बसायची आणि हसायची.

मग एकदाची खणने लिहिलेली स्वरलिपी सरावाला नेली. दंतवैद्यांनी हात उचलला, वाद्यवृंद सुरू झाला, आणि पहिल्याच ओळीत सगळं कोसळलं. ट्रम्पेट क्लॅरिनेटच्या पुढे धावले, बासऱ्या भलत्याच गल्लीत शिरल्या, आणि निम्मा वृंद मधल्या ओळीत असताना दादाने ट्यूबा मांडीवर ठेवला.

“माझं झालं,” तो म्हणाला.

“काय झालं?” दंतवैद्य.

“संपलं. मी पहिला आलो.”

सभागृह इतकं हसलं, की मागच्या रांगेतल्या एकाचा स्टँड आडवा झाला. वहिनी तेवढी हसली नाही. घरी पोचल्यावर दारातच वळून म्हणाली, “वन्सं, आपण जरा टेबलाशी येता का?”

वन्सं निमूट आली.

“यातले विश्राम कुठे गेले?”

“कसले विश्राम?”

“स्वरांच्या मधे जिथे गप्प बसायचं असतं ते. माझ्या फाईलमध्ये होते. तुमच्या कागदांवर एकही नाही.”

वन्संने बघितलं. “अच्छा, ते! त्या खणांत स्वर नव्हता. रिकामे होते म्हणून मी काढून टाकले.”

“रिकामे होते म्हणून?” वहिनीचा आवाज चढला. “शेजारी गावाला गेलेत. घर रिकामं आहे. पाडायचं का मग?”

वन्सं पुन्हा फाईलमधले खण बघायला लागली.

“संगीतात गप्प बसणं लिहिलेलं असतं, वन्सं. किती वेळ गप्प, तेही लिहिलेलं असतं. लिहिलेली शांतता वाजवावी लागते. आणि जिथे काही लिहिलेलंच नाही, तिथे कागद फाटलाय नाहीतर कोणीतरी चुकलंय. रिकामा खण आणि नसलेला खण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत!”

वन्सं उठली, टेबलाला वळसा घालून गेली आणि वहिनीला तिने मिठीच मारली. तिच्या धंद्यातली मोठमोठी माणसं या एका मुद्द्यावर वर्षानुवर्षं डोकेफोड करत होती. इतकं स्वच्छ तिला कोणीच सांगितलं नव्हतं.

“मी रागावलेय,” वहिनी मिठीतून म्हणाली.

“रागव गं. पण शेजाऱ्यांच्या घराचं मी कागदपत्रांत लिहिणार आहे.”

आणि तिने लिहिलं. भाषेच्या माहितीपुस्तिकेत ते उदाहरण तसंच्या तसं आहे. पुढच्या सरावाला सगळे एकाच जागी संपले. दादासकट.

आता वन्संला भाषा सगळ्यांसाठी मोकळी करायची होती. मूळ लिखाण उघडं ठेवायचं. कोणीही घ्यावं, वाचावं, बदलावं, पुढे द्यावं.

“घर आवरलेलं नसताना पाहुणे बोलवायचे?” वहिनीला धाकधूक होती.

“हे पाहुणे वेगळे असतात. तेच येऊन आवरतात.”

भाषा इंटरनेटवरच्या एका पानावर मोकळी झाली आणि बरेच आठवडे तिथे कोणी फिरकलं नाही. वन्सं रोज ऑफिसला जाण्याआधी बघायची आणि खांदे उडवून बूट घालायची. मग एका सकाळी ती एकच बूट घालून धाडधाड जिना उतरली.

“आला! माणूस आला!”

समुद्रापलीकडच्या कुठल्याशा बंदरातून एकाने लिहिलं होतं. तो प्रवासी होड्यांची वेळापत्रकं सांभाळायचा. त्याने खण वापरून बघितली होती, त्याला ती आवडली होती, आणि त्याचा एक प्रश्न होता. हवंच कळलं, नको कळलं, पण ‘चालेल’ म्हणजे नेमकं काय? वर त्याने अदबीने लिहिलं होतं, ‘आदरणीय वन्सं’. वन्संने तिकडे टोपणनाव म्हणून तेच दिलं होतं, आणि त्याला वाटलं होतं की हे तिचं खरंखुरं नाव.

वहिनी हसून हसून खाली बसली. “म्हणजे आता सगळं जग तुझी भावजय!”

‘चालेल’ समजावायला दोघींना अख्खी संध्याकाळ लागली. नसलं तरी अडत नाही, असलं तर तक्रार नाही, आणि म्हणताना मान थोडी तिरकी करायची, असं काहीतरी शेवटी त्यांनी त्याला लिहिलं. हवं तर त्याच्या भाषेतला शब्द घालून देते, असंही वन्संने कळवलं. होडीवाल्याचं उत्तर आलं, ‘बदलू नका. आमच्याकडे यासाठी शब्द नाही. आज मी बायकोला तीनदा “चालेल” म्हणालो. घरात फार छान वातावरण आहे.’

हा होडीवाला पुढे फार कामाचा निघाला. त्याने चुका शोधल्या, काही दुरुस्त केल्या, आपल्या दोन मित्रांना आणलं. मग त्याने एक अवघड प्रश्न टाकला. संध्याकाळच्या होडीची वेळ भरतीवर ठरते. ती वेळ आधी भरता येत नाही, रिकामी सोडता येत नाही आणि नाही म्हणूनही चालत नाही. तिला काय म्हणायचं?

दोघी दोन दिवस यावर अडून होत्या. तिसऱ्या दिवशी जेवताना वहिनी नवऱ्याला म्हणाली, “रविवारी गच्चीवरचा नळ बघशील ना?”

“बघू,” दादा म्हणाला आणि पाव तोडला.

दादाने मान वर केली. बायको आणि बहीण दोघी त्याच्याकडे अशा बघत होत्या, जणू त्याने आत्ताच काहीतरी शोध लावलाय.

“काय झालं? बघतो म्हटलं ना.”

“दादा, तू भाषेला चौथा शब्द दिलास!” वन्सं म्हणाली. “बघू! आत्ता ठरलेलं नाही, पण जागा राखून ठेवायची. ती जागा घेऊन बाकीचं काम पुढे चालू ठेवायचं. फक्त शेवटचा कागद बाहेर पडायच्या आधी ते ठरलंच पाहिजे, नाहीतर प्रोग्रॅम पूर्ण होणार नाही.”

“थांब थांब,” दादा म्हणाला. “बघू म्हटलं की नंतर करावंच लागतं?”

“हो.”

“असं कुठे असतं?”

“आमच्या भाषेत असतं,” दोघी एका सुरात म्हणाल्या.

होडीवाल्याने ‘बघू’चा निम्मा भाग स्वतः लिहिला. नळ रविवारी दुरुस्त झाला.

वसंतात वाद्यवृंदाचा बागेतला कार्यक्रम होता. दंतवैद्यांना भाषेचं फार कौतुक वाटायला लागलं होतं. त्यांनी कोणालाही न विचारता स्थानिक रेडिओवर जाहीर करून टाकलं, की ज्याच्याकडे वाद्य आहे त्याने बागेत यावं, येत असेल तेवढं वाजवावं, स्वरलिपी तिथल्या तिथे तयार मिळेल.

“डॉक्टर, किती येतील?” वहिनीने घाबरून विचारलं.

“दहा-बारा,” ते म्हणाले. “फार तर पंधरा.”

त्या दिवशी दुपारी बागेच्या फाटकातून माणसं आत येतच राहिली. माळ्यावरून काढलेल्या वाद्यांच्या पेट्या घेऊन, धूळ झटकत. अकॉर्डियनवालं जोडपं आलं, शाळेच्या बासऱ्यांचा एक अख्खा वर्ग आला. एक खाटीक व्हायोलिन घेऊन आला. लग्नानंतर ते उघडलंच नव्हतं म्हणाला. तीन बहिणी मिळून एक झायलोफोन उचलून आणत होत्या. दहा-बारा कुठले! शंभरावर माणसं होती, आणि दंतवैद्य मंचाच्या कठड्याला धरून लहान मुलासारखे हसत होते.

वन्सं मंचाच्या पायरीवर मांडीवर संगणक घेऊन बसली. वहिनी गर्दीत फिरत ओरडून विचारायची, “वाद्य कोणतं? किती स्वर येतात? वाचता येतं का?” आणि तिथूनच वन्संला हाक देऊन सांगायची. प्रत्येकासाठी एक छोटा स्कीमा होत होता. या बाईला पाच स्वर येतात, वेगाने नकोत. या गृहस्थांना वरचे स्वर नको म्हणे, दात नवे आहेत. दंतवैद्यांनी मान डोलावली. ते दात त्यांनीच बसवले होते. शेवटपर्यंत किती जण येणार याच्या जागी वन्संने लिहिलं होतं, बघू. बागेला लागूनच वाचनालय होतं. तिथल्या ग्रंथपालबाईंनी छपाईयंत्र खिडकीशी ओढलं होतं आणि त्या खिडकीतून गरम गरम कागद बाहेर देत होत्या.

आणि मग प्रोग्रॅम अडला.

वन्संने पडद्याकडे बघितलं आणि मोठ्याने वाचलं, “या वाद्यात मला एकच स्वर दिसतो आहे. प्रत्येकाच्या कागदावर चाल हवीच, असं तुम्ही म्हटलं होतं. एका स्वरात चाल बसत नाही. काय करूया?”

“कोणाचं वाद्य?” वहिनीने विचारलं.

गर्दीतून एक टपालवाली पुढे आली. कामावरून थेट आलेली, सायकल हातात धरलेली. तिने हँडलवरच्या घंटीकडे बोट दाखवलं. “रेडिओवर म्हणाले, काहीही चालेल. नसेल जमत तर मी ऐकत बसते. त्यात काय!”

“अजिबात नाही,” वहिनी म्हणाली. ती पायरीवर वाकली, वन्संच्या हातातून संगणक घेतला, टपालवालीच्या ओळीतलं ‘हवंच’ पुसून तिने स्वतःच्या हाताने ‘चालेल’ लिहिलं आणि बटण दाबलं. एवढ्या महिन्यांत खणमध्ये तिने स्वतः लिहिलेली ही पहिली ओळ.

खिडकीतून कागद बाहेर आला. ओळीच्या ओळी विश्राम, एकेक मोजून लिहिलेला, आणि मधे मधे एकेक ठिपका. टपालवालीने तो हँडलवर चिमट्याने लावला.

वाजलं कसं, ते विचारू नये. निम्म्या वाद्यांना वर्षानुवर्षं कोणी हात लावलेला नव्हता. पण सगळे एकत्र सुरू झाले, प्रत्येकाला झेपेल तेवढंच त्याच्या कागदावर होतं, आणि ती साधी चाल शंभर हातांतून उचलली गेली. मधे एका जागी सगळे थांबले. त्या थांबण्यात टपालवाली ओठ हलवत मोजत होती. मग घंटी वाजली, किणकिण, अगदी जिथल्या तिथे, आणि सगळी बाग पुन्हा सुरू झाली. वहिनी क्लॅरिनेट वाजवता वाजवता हसली, आणि क्लॅरिनेटमध्ये हसलं की जो आवाज होतो तो झालाच. संपल्यावर दंतवैद्यांनी न विचारता पुन्हा हात उचलला. मग आणखी एकदा. सूर्य झाडांमागे गेला तरी कोणी पेटी बंद करेना.

वन्संला काहीच वाजवता येत नव्हतं. ती शेवटच्या रांगेमागे उभी राहून एकेकाच्या खांद्यावरून कागद बघत फिरली. कार्यक्रम संपल्यावर खाटीक तिला शोधत आला. म्हणाला, “ताई, तुमची ती भाषा मला शिकता येईल का? दुकानातल्या सामानाचं मला असंच काहीतरी करायचंय.” वन्संने जोरजोरात होकारार्थी मान हलवली.

पुढच्या रविवारी दुपारी वन्सं वर आपल्या खोलीत होती. भाषेच्या पानावर कोणीतरी बदल पाठवल्याची सूचना आली. पाठवणाऱ्याचं नाव होतं ‘भावजय’. नवीन माणूस. एका संदेशातलं ‘काय करूया?’ बदलून ‘आपण असं करून बघूया का?’ केलं होतं, आणि प्रोग्रॅमने पुढे एक उपायही सुचवावा, अशी दहा-बारा ओळींची भर घातली होती. ओळी जरा वाकड्यातिकड्या होत्या, पण चालत होत्या.

वन्संने खाली हाक मारली नाही. रीतसर उत्तर लिहिलं, ‘योगदानाबद्दल आभार. बदल नीट चालतो हे दाखवणारी चाचणी जोडलेली नाही. ओळींचे समासही चुकले आहेत. या स्वरूपात घेता येणार नाही.’

खालून स्वयंपाकघरातून आवाज आला, “वन्सं! आपण जरा खाली येता का?”

“काय असेल ते पानावर लिहावं!” वन्संने वरून ओरडून सांगितलं.

थोड्या वेळाने पानावर चाचणी आली, समास सरळ झाले, आणि खाली एक ओळ होती, ‘आपल्या मोठ्या भावाने सगळं ऐकलं आहे आणि तो माझ्या बाजूने आहे.’ तेवढ्यात समुद्रापलीकडून होडीवाल्यानेही मत दिलं, की नवीन सदस्याचं काम चांगलं आहे, आणि वन्संनी नवख्यांशी थोडं प्रेमाने वागावं.

खाली वहिनीचं हसू फुटलं. जिन्यात दादाचंही. वन्संने बदल स्वीकारला आणि ती धाडधाड खाली उतरली.